उणे आठशे

माझं काम मोजायचं. यवतमाळच्या शाखेत बावीस वर्षं मी आमच्या पेपरातल्या जाहिराती मोजते आहे. स्टीलची पट्टी घ्यायची, जाहिरात किती कॉलम रुंद आणि किती सेंटिमीटर उंच ते बघायचं, गुणाकार करायचा, वहीत लिहायचं. या बावीस वर्षांत सात संपादक आले नि गेले, पण विमलताईची मोजणी चुकली असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. म्हणूनच माझी तिखट जीभ इथे खपवून घेतात.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात नागपूरच्या मुख्य कार्यालयातून उर्वशी नावाची मुलगी आली. आमची कंपनी दरवर्षी जाड, गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक काढते. आम्ही समाजासाठी काय काय केलं, किती झाडं लावली, किती कागद वाचवला, याचा त्यात अहवाल असतो. वाचतं कोण ते देव जाणे. त्या वर्षी त्यात नवी भर पडली होती. समाजाच्या उपयोगाचा मजकूर वर्षभरात किती छापला, तोही आकड्यात दाखवायचा. पाणी, शिक्षण, महिला, शेतकरी प्रबोधन, असे वेगवेगळे रकाने. खाली मोजणाऱ्याची सही, कारण बाहेरची एक संस्था तो आकडा तपासणार होती.

"मोजायचं म्हणजे विमलताईच," आमचे शाखा व्यवस्थापक मारोतराव म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आजवर जाहिराती मोजल्या, बातमी मोजायला कोणी बोलावलं नव्हतं.

तीन दिवस आम्ही दोघी जुन्या अंकांच्या ढिगात बसलो. पोरगी चांगली निघाली. धुळीने शिंका देत होती, पण फरशीवर मांडी घालून बसायला लाजली नाही.

अडचण शेतकऱ्यांच्या रकान्यात होती. आदल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, कितीतरी दवाखान्यात पडली. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे येऊन गेले. म्हणून या वेळच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कापूस होता, आणि यवतमाळचा आकडा दांडगा दिसला पाहिजे, असा वरून हुकूम होता. आम्ही पाच-दहा सेंटिमीटरच्या बातम्या वेचत होतो आणि रकाना काही भरत नव्हता.

"ताई, हे बघा! अर्धं पान!" उर्वशीने ऑगस्टचा एक अंक उघडून धरला.

वर मोठ्या अक्षरांत 'कपाशी जोमात, कास्तकार जोशात'. मधोमध मोठा रंगीत फोटो. कमरेएवढी वाढलेली पराटी, म्हणजे कपाशी, तिच्यात उभा बनियनवरचा एक माणूस, पाठीवर फवारणीचा पंप, उघडा चेहरा, तोंडभर हसू. खाली ओळ, 'अशी करा फवारणी, निर्धास्त!' लेख वाटावा अशी सगळी मांडणी. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं.

"लेख नोहे तो, बाई. औषधाच्या कंपनीची जाहिरात हाय. म्याच मोजली. आठ कॉलम, पंचवीस सेंटिमीटर. दोनशे."

"पण मुख्य कार्यालयाच्या यादीत शेतकरी प्रबोधन म्हणून आहे. आणि चार रविवार छापलंय."

दोनशे चोक आठशे. रकाना एका झटक्यात भरत होता. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मोठ्या साहेबांनी यादी केली आहे, आपल्याला काय करायचंय, असं मनाशी म्हटलं. तीन दिवसांची धूळही अंगावर होती.

उर्वशीला आणखी एक गोष्ट हवी होती. फोटोतल्या त्या माणसाच्या तोंडच्या दोन ओळी. पेपरातून माहिती मिळाली, फायदा झाला, असं काहीतरी. फोटो मारेगावचा आमचा वार्ताहर देवसिंग याने काढला होता. मी त्याला फोन लावला.

"देवसिंग, तो फोटोतला माणूस पाह्यजे होता. दोन ओळी घ्याच्या हाय त्याच्या."

 तो म्हणाला, "ताई, तो भीमराज. फवाऱ्याले जाते तो मजुरीनं. जात होता. आता त्याले दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही मारेगावला गेलो. तिथून देवसिंग त्याच्या मेहुण्याच्या गाडीतून आम्हाला नऊ किलोमीटरवरच्या गावात घेऊन गेला.

भीमराज ओसरीवर खाटेवर बसला होता. चाळिशीचा असेल. आमची चाहूल लागल्यावर त्याने मान वळवली, पण थोडी चुकीच्या दिशेला. त्याची बायको तुळसाबाई पाणी घेऊन आली, "जयभीम, बसा," म्हणाली आणि दारातच हात बांधून उभी राहिली. पेपरवाले म्हटल्यावर तिच्या कपाळावर आठी आली होती.

"काहीच दिसत नाई का जी?" मी विचारलं.

"उजेड समजते. तुमी बसल्या हा एवढं समजते. चेहरा नाई समजत," भीमराज म्हणाला. "दुधाचा पदर धरल्यावानी पांढरं पांढरं दिसते."

"तो फोटो काढला तेव्हा झालं का?"

"नाई जी. त्या दिवशी पंपात साधं पानी होतं. म्या तोंडाले दुपट्टा बांधून होतो, नेहमीसारखा. देवसिंगभाऊ म्हणे, काढ, चेहरा दिसला पायजे. शर्टबी काढाले लावला."

देवसिंग दाराशी उभा होता. "मले वरून तसं सांगतलं होतं, ताई," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"मंग पेपर आला," भीमराज पुढे सांगू लागला. "कृषी केंद्रवाल्यानं दुकानात चिपकवला. दोन दिवसानं मी फवाराले गेलो अन् दुपट्टा बांधाले लागलो, त मालक हासला. म्हणे, पेपरात हिरो होऊन राह्यला, अन् आता काहून तोंड लपवतं? सोबतचे पोट्टेबी हासले. मले शरम आली. म्या दुपट्टा कमरेले बांधला. मंग रोजच तसा. कोणीच बांधे ना मंग. पंधरा दिवसानं वावरातच पडलो."

मी ती जाहिरात चारदा मोजली होती. चार रविवार माझी पट्टी त्या चेहऱ्यावरून फिरली, आणि मला फक्त कडा दिसल्या. फवारणी करणारा माणूस तोंड उघडं ठेवून हसतो आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कास्तकाराची लेक. लहानपणापासून फवारणीचे दिवस बघितलेली. मला त्या ओसरीवर स्वतःचा इतका राग आला की हातातलं पाणी प्यावंसं वाटेना.

उर्वशीने चाचरत विचारलं, "दादा, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

उत्तर तुळसाबाईने दिलं. "आमच्या घरचा पेपर म्या चुलीत घातला. दुकानातला कोण काढन? आजबी हाय तिथं. दोनदा मांगतला, देत नाई तो."

भीमराज म्हणाला, "फवाऱ्याचे दिवस येऊन राह्यले जी. पोट्टे तसेच जाईन वावरात. पेपरात छापा का ते चुकलं होतं. माहं नाव टाकून छापा."

उर्वशी ज्या दोन ओळी न्यायला आली होती त्यांच्या जागी ह्या मिळाल्या. तिने त्या जशाच्या तशा वहीत लिहून घेतल्या.

यवतमाळला परतल्यावर चप्पल न काढता मी मारोतरावांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मारोतराव दुष्ट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लई वाईट झालं, विमलताई. आपुन खुलासा टाकू. पान सातवर, खाली, चार ओळी. दोन कॉलम, चार सेंटिमीटर."

"दोनशेची चूक अन् आठचा खुलासा? हे कोणतं माप होय साहेब?"

"खुलासा एवढाच असते. बावीस वर्ष झाले तुमाले, तुमाले माहीत नाई का?"

"माहीत हाय. म्हणूनच म्हणून राह्यली. चार ओळी कोण वाचते? तो फोटो साऱ्यायनं पाह्यला. अर्धं पान पायजे. रविवारी. त्याच पानावर. चारही रविवार."

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. "ते राहू द्या. अहवालाच्या कागदावर आधी सही करा. उद्या नागपूरले पाठवाचा हाय."

मी कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. सगळे रकाने भरले. पाणी, शिक्षण, महिला. शेतकरी प्रबोधनात खऱ्या बातम्यांचा आकडा लिहिला, आणि त्याच्याखाली दुसऱ्या ओळीत लिहिलं, उणे आठशे. कारणाच्या जागी लिहिलं, 'या मजकुराने फवारणी करणाऱ्यांना चुकीचं शिकवलं.' खाली ठसठशीत सही केली.

उर्वशीने कागद वाचला. तिचा चेहरा उतरला. तिची नोकरी सहा महिन्यांचीच होती. "ताई, अहवालात उणे आकडा नसतो हो."

"तुह्या संगणकात बसते का?"

तिने घालून बघितला. संगणकाने मुकाट्याने घेतला. मग तिने कागदाचा फोटो जोडला, भीमराजच्या दोन ओळी त्याच्याखाली टाइप केल्या आणि सगळं नागपूरला पाठवून दिलं. त्या पोरीला मी तिथेच जवळ घेतलं. माझ्यासारख्या बाईला ते जमत नाही, पण घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आधी मारोतरावांना, मग थेट मला. कोणी गोड बोललं, कोणी दरडावलं. आकडा खोडा, नवा कागद करा, सही करा. मी म्हटलं, मोजणी माझी, सही माझी, बावीस वर्षांत खाडाखोड केली नाही. मारोतरावांनी एकदा वैतागून सांगितलं, "विमलताई, वरचे म्हणून राह्यले का तुमाले उमरखेडले पाठवा."

"पाठवा. तिथंबी पेपर येतेच."

रात्री घरी मात्र मी हिशेब मांडत बसले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, घरी आजारी सासू, आणि उमरखेडला रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं. पण भीमराजची ती चुकीच्या दिशेला वळलेली मान डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गंमत अशी की माझा कागद मधल्यामध्ये दाबता येईना. तपासणाऱ्या संस्थेने सही केलेली मूळ मोजणी मागितली होती. यवतमाळचा रकाना कोरा सोडावा तर मुखपृष्ठावर कापूस, आणि आत कापसाच्या जिल्ह्याचा आकडाच नाही. जून सरत आला, पराटी उगवून वर आली, तेव्हा कुठे मारोतराव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बावीस वर्षांत व्यवस्थापक माझ्या टेबलाशी आल्याची ती पहिलीच वेळ.

"आठशे साराच वगळला त्यायनं. अधिक नाई, उणे नाई. अन् अर्धं पान देऊन राह्यले. एक रविवार."

"चार मांगतले होते."

"विमलताई, एक भेटून राह्यला तो घ्या ना बाप्पा!"

मी घेतला. फवारणी पंधरा दिवसांवर आली होती, भांडत बसायला वेळ नव्हता. छापील अहवालात उणे आठशे कुठेही नाही. माझ्या वहीत आहे.

जुलैच्या पहिल्या रविवारी पान आलं. देवसिंगनेच नवा फोटो काढला होता. भीमराज, अंगभर कपडे, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला घट्ट बांधलेलं. शेजारी मागचा फोटो छोटा करून त्याच्यावर लाल फुली. वर मोठ्या अक्षरांत, 'आम्ही चुकीचं दाखवलं होतं'. खाली भीमराजच्या त्या दोन ओळी, त्याच्या नावासकट. मी पहाटेच्या पहिल्या गाडीने दहा अंक घेऊन मारेगावला गेले.

कृषी केंद्राच्या दारात तुळसाबाई भीमराजचा हात धरून उभी होती. फवारणीची औषधं घ्यायला आलेले सात-आठ जण आत होते. दुकानदार जरा कुरकुरला. मी त्याला नवं पान वाचून दाखवलं, मुद्दाम मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो बाजूला सरकला. तुळसाबाई आत शिरली आणि तिने भिंतीवरचं जुनं पान स्वतःच्या नखांनी खरवडून काढलं.

भीमराजने विचारलं, "केवढं हाय जी?"

मी पान काउंटरवर पसरलं, त्याचा हात धरला आणि बोटं कडेकडेने फिरवली. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, मग वरून खाली.

"एवढं?"

"एवढं."

"मांगचंबी एवढंच होतं?"

"एवढंच होतं," मी म्हटलं. खोटं बोलायला माझी जीभ वळेना, म्हणून पुढचंही सांगितलं. "पण ते चारदा छापलं होतं."

त्याने बोटं तशीच पानावर ठेवली.

"मंग तीन राह्यले," तो म्हणाला.

"हो जी. तीन राह्यले."

आम्ही पान भिंतीला चिकटवलं. सोमवारी दहाच्या ठोक्याला मी मारोतरावांच्या केबिनचं दार ढकललं.