मोराखालची कोरी जागा

पैज लागली ती एका वाकड्या खिळ्यावरून.

लालबागच्या त्या टॉवरमध्ये जुन्या चाळीतली बिऱ्हाडं राहायला येऊन वर्ष होत आलं होतं, तरी भिंतीत खिळा जात नाही हे काही लोकांच्या पचनी पडत नव्हतं. चाळीच्या भिंती कशा, खिळा नुसता दाखवला तरी आत घ्यायच्या. ह्या नव्या भिंती सगळ्या काँक्रीटच्या. त्या दिवशी चौदाव्या मजल्यावरच्या निलेशने ठोकाठोकी करून अख्ख्या विंगची रविवारची झोप उडवली आणि शेवटी खाली येऊन गेटजवळच्या बाकावर तो वाकलेला खिळा ठेवला, मेलेला उंदीर ठेवावा तसा.

"ड्रिल वापरायचं नाही, नोटीस लावलीय," वसंतराव म्हणाले. ते बँकेतून रिटायर झाले होते आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी होते. "आत वायरी आहेत. आणि भिंत कोरी राहिली तर बिघडलं काय? स्वच्छ दिसते."

"स्वच्छ तर हॉस्पिटलपण दिसतं," गंगाधर म्हणाला.

गंगाधर म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, टेम्पोचा मालक आणि चाळीपासूनचा खोड्यांचा होलसेल व्यापारी. एका दिवाळीत त्याने अख्ख्या मजल्याच्या चपला सुतळीत ओवून कंदिलासारख्या टांगल्या होत्या. आज मात्र त्याचं लक्ष निलेशच्या तोंडाकडे होतं. पोरगं खिळ्यासाठी एवढं रडवेलं होणारं नव्हतं.

"भिंत गेली खड्ड्यात रे, गंगादादा," निलेश म्हणाला. "बाबांचं टेन्शन आहे. रोज संध्याकाळी चपला घालून दारात उभे. म्हणतात, चला, झाला बसून, आता घराक जावया. हेच घर आहे म्हटलं तर माझ्या बायकोकडे, श्रेयाकडे असे बघतात, जसे काही आपणच तिच्याकडे पाहुणे म्हणून आलेत. परवा खाली उतरले आणि सातव्या मजल्यावर बेल मारून कुणाच्या तरी सोफ्यावर जाऊन बसले. सगळे दरवाजे सेम, सगळ्या भिंती सेम. म्हणून ठरवलंय, गौरी-गणपती झाले की त्यांना गावी नेऊन सोडतो."

"गावाला कोण आहे?"

"चुलतभाऊ आहे. बघेल तो."

 तो चुलतभाऊ गंगाधरने पाहिला होता. तो स्वतःची गुरं बघत नसे. आणि मिलच्या धुरळ्याने निलेशच्या वडिलांची, कुशाबांची छाती कायमची धरलेली. रात्री धाप लागली तर तिथे डॉक्टर कुठला?

"फोटो वगैरे लावला तर ओळखतील असं वाटलं," निलेश खिळ्याकडे बघत म्हणाला.

"फोटो कशाला? तुझ्या बापाला भिंत रंगवायला लाव की!" चाळीत दरवर्षी गणपतीच्या मागची भिंत कुशाबा स्वतः रंगवायचे. गावच्या घरी रंगवतात तशी. मोर, वेली, कमळं. गंगाधर लहानपणी त्याच भिंतीखाली बसून मोदक हाणायचा.

"सांगून झालं. हू की चू नाही. आणि दुकानातला रंग आणला तर वासाने खोकून बेजार होतात."

"कुशाबा आता खुर्चीतून उठत नाहीत, ते भिंत कसली रंगवतायत!" वसंतराव हसले.

ते हसणं गंगाधरला टोचलं. "लावता पैज? दुकानातला डबा नाही, खिळा नाही, ड्रिल नाही. गणपती बसायच्या आत काका ती भिंत भरून दाखवतील."

"पूर्ण? मला अर्धवट काम चालत नाही, गंगाधर. अंगठ्याएवढी जागा कोरी दिसली तरी तू हरलास."

"डन! हरेल त्याने एक अख्खा रविवार लिफ्टमन व्हायचं. टोपी घालून, स्टुलावर बसून, येईल त्याला सलाम मारायचा."

आता त्या लिफ्टला माणसाची काय गरज? आत एक बाई इंग्लिशमधून मजले सांगतच असते. पण वसंतरावांनी हात पुढे केला. बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निलेश तेवढा हसला नाही.

*

श्रेयाने आपल्या परीने प्रयत्न करून पाहिले होते. मोबाइलवर बघून तिने इको-फ्रेंडली म्हणून ज्यूटचं घुबड, बांबूच्या चटईवरची चित्रं, काथ्याची तोरणं मागवली होती आणि सगळं टेपने चिकटवलं होतं. घुबड सुटून आमटीत पडलं. कुशाबांनी मान वळवून तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता माझ्यावर सोड," गंगाधर तिला म्हणाला. "आणि मी काय केलं तरी ओरडायचं नाही."

त्याने बाजारातून गेरू आणला, मसाला गल्लीतून हळद आणली, पानवाल्याकडून चुना मागितला, नीळ आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सरळ कुशाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि भिंतीला पांढरा चुना फासायला लागला. त्याचा बेत सोपा होता. इतका घाण मोर काढायचा की म्हाताऱ्याला राहवलं नाही पाहिजे. घाण काढायला त्याला काही वेगळी मेहनत नव्हती. शाळेत त्याने काढलेल्या गाईला बाईंनी टेबल समजून मार्क दिले होते.

मोर झाला. मान बदकाची, पाय कोंबडीचे, पिसारा म्हणजे उलटा झाडू. गंगाधर तिरक्या नजरेने मागे बघत होता. कुशाबा खिडकीबाहेर, समोरच्या टॉवरकडे बघत बसले होते.

झालं, मेलो, गंगाधरच्या मनात आलं. पैजेचं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची रिकामी आली. गौरी-गणपती झाल्यावरची.

चेव येऊन त्याने हळद कालवली आणि पिसाऱ्यावर सपासप पिवळा रंग मारला. आणि बघता बघता पिवळा रंग लाल व्हायला लागला. गंगाधरने डोळे चोळले. अजून हळद मारली. अजून लाल. मोर कापल्यासारखा दिसायला लागला.

"अरे, ही हळद भेसळीची आहे काय! त्या मसालेवाल्याला सोडत नाही मी!"

मागून खोकल्यासारखा आवाज आला. वळून बघतो तर कुशाबा हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी.

"गंग्या, मेल्या! ओल्या चुन्यार हळद लायतस? कुंकू होतला ता! तुझ्या आवशीन कधी सांगूक नाय तुका?"

गंगाधर ब्रश हातात धरून येड्यासारखा उभा राहिला. गंमत अशी की घाण मोर त्याने मुद्दाम काढला होता, पण हा घोटाळा शंभर टक्के खरा होता. जन्मभर दुसऱ्यांची फजिती करणाऱ्याची फजिती हळदीने केली होती.

"मग कसं करायचं, काका?"

"आधी तो कोंबो पूस."

"मोर आहे तो."

"तुझ्या घराकडचो आसात. पूस!" कुशाबा खुर्चीचे हात धरून उठले. चपला शोधल्या नाहीत. सरळ भिंतीपाशी आले आणि तळहात टेकवून उभे राहिले, गुराच्या पाठीवर टेकवावा तसा. "थंड आसा," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे बघून, "गो श्रेया, वायच खळ शिजव. पिठाची. पातळ."

श्रेयाच्या हातातला चमचा पडला. वर्षभरात तिला त्यांनी पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

त्यानंतर चौदाव्या मजल्यावर रोज दुपारी राबता सुरू झाला. चुना खरवडून काढला. गेरू खळीत कालवला, काजळी धरली, घेवड्याच्या पानांचा रस काढला. नारळाच्या सोडणाचा, वरच्या सालाचा तुकडा ठेचून ब्रश झाला. कुशाबा थोडं रंगवायचे, धाप लागली की बसायचे आणि बसल्या जागेवरून गंगाधरला शिव्या द्यायचे. शेजारीपाजारी बेल वाजवून आत येत होते, मग बेल न वाजवताच येऊ लागले. गंगाधरला ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा तो क्षणभर दाराकडे बघतच राहिला. वर्षभर ह्या बिल्डिंगमध्ये एकही दार असं उघडं राहिलं नव्हतं.

निलेश मात्र संध्याकाळी येऊन नुसता भिंत बघायचा आणि कपडे बदलायला निघून जायचा. गावच्या गाडीची तिकिटं अजून त्याच्या मोबाइलमध्ये होती.

*

गणपती बसले. मागे दोन मोर, वेली, निळं कमळ. आरती झाल्यावर वसंतराव चष्मा पुसून पुढे झाले. भिंत वरून खाली, डावीकडून उजवीकडे तपासत गेले आणि उजव्या मोराच्या पायाखाली त्यांचं बोट थांबलं.

"इथे कोरं आहे."

तळहाताएवढी जागा. स्वच्छ पांढरी. गंगाधरला एकदम चाळीतली भिंत आठवली. तिथेही कोपऱ्यात असाच एक तुकडा कोरा असायचा. लहानपणी त्याला वाटायचं, काकांचा रंग संपतो.

"काका, तेवढं भरा ना! दोन मिनिटांचं काम, मी इथे पैज हरतोय!"

"नाय," कुशाबा म्हणाले. "ता फुडल्या वर्साचा. आमच्याकडे सगळी भिंत कधी भरणत नाय. फुडल्या वर्सा हंयसूनच सुरुवात करूची. आत्ताच सगळा भरलंय, तर फुडल्या वर्सा मी हंय काय करू?"

 निलेश ताटातला प्रसाद वाटत होता, त्याचा हात तसाच राहिला. मग त्याने ताट श्रेयाकडे दिलं आणि मोबाइल काढून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले कळत होते. "ते जाण्याचं कॅन्सल केलं," तो गंगाधरच्या कानात म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

वसंतरावांना ऐकू गेलं. ते खाकरले. "गंगाधर, तांत्रिकदृष्ट्या तू हरलायस. पण सोडून देऊ."

"सोडून कशाला?" गंगाधर ओरडला. "एवढी मस्त हार मला परत कुठे मिळणार?"

*

रविवारी सकाळपासून लिफ्टपुढे लाइन. गंगाधरच्या डोक्यावर बँडवाल्याची लाल टोपी, खांद्यावर सोनेरी झालर, बुडाखाली प्लास्टिकचं स्टूल. "कितवा मजला, साहेब?" म्हणत तो ज्याला त्याला सलाम ठोकत होता. वसंतरावांना दूध आणायला त्या दिवशी चारदा खाली जावं लागलं. बायका पिशव्या नसताना वरखाली करत होत्या. सातव्या मजल्यावरच्या सोफावाल्यांनी त्याचा व्हिडिओ काढला.

अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि कुशाबा एकटेच आत आले. हातात दुर्वांची जुडी. सोबत कुणी नाही.  गंगाधरचा हात बटणांकडे गेला आणि मध्येच थांबला.

त्याने कडक सलाम मारला. "कितवा मजला, साहेब?"

कुशाबांनी बटणांच्या रांगेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नाद सोडून दिला.

"माका काय ठाऊक? तू लिफ्टवालो," ते म्हणाले. "माझ्या घराक ने. मोर आसत थंय."

गंगाधरने चौदा दाबलं. दार मिटायला लागलं तशी कुशाबांनी त्याच्या टोपीला हात घातला आणि ती सरळ केली.

"वाकडी घातलंस, मेल्या. लोक बघतत."