पाहुणे जाईपर्यंत

त्या सकाळी टेलरमास्तर नेहमीसारखे मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. स्टुलाच्या दांडीला लघवीची पिशवी लटकत होती आणि तिची नळी त्यांच्या लेंग्यातून खाली आली होती. लघवी पूर्ण तुंबली तेव्हा इस्पितळात ती घातली होती.

"बघितलंस? जिथं मी तिथं ही," ते आत बघून म्हणाले. "लग्नाची बायकोसुद्धा इतकी चिकटून राहिली नाही."

"लग्नाच्या बायकोला घरातली कामं होती," आईचा आवाज आला.

शर्टाला बटणं लावता लावता धाकटी लेक हसली. बाबा पुन्हा थट्टा करू लागले होते, याचंच तिला अप्रूप होतं. दोन वर्षं त्या माणसानं कुणाला कळू न देता स्वतःचे ओले कपडे धुतले होते, पाणी पिणं तोडलं होतं, लांबची गिऱ्हाइकं सोडली होती. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं आता."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढली होती आणि ती मूत्रमार्ग दाबत होती. लघवीत जंतूही झाले होते. औषधं संपली की ऑपरेशन, आणि मग नळी नको. तोवर नळी दुमडायची नाही, पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची. जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे या आजारावर संशोधन चालू आहे. उपाय आहेत हो, पण माणसं फार उशिरा येतात. का येतात, तेच आम्ही शोधतोय. बाबांना या अभ्यासात घेऊ का?"

दादानं हात जोडले होते. "नको बाई. घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय. चारचौघांत व्हायला नको."

आणि ऑपरेशनही सोयरीक जमल्यावर करायचं ठरलं. त्यांच्या नात्यागोत्यात असंच चालत आलं होतं. लग्नाची मुलगी घरात असली की आजार झाकायचा. कमरेखालचा तर जास्तच.

दुपारी पाहुणे यायचे होते. दादानं बापाला इस्त्रीची पँट चढवली. पिशवी काही केल्या लपेना.

"मी आत पडून राहतो ना," मास्तर म्हणाले.

"मुलीचा बाप आत पडून? काय वाटेल त्यांना?" दादानं पिशवी काढून न्हाणीघरात टाकली आणि नळीचं टोक धाकटीच्या हातात दिलं. "तुझी बोटं बारीक आहेत. दुमड आणि बांध."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या, दादा."

"पाहुणे जाईपर्यंत फक्त. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"बांध गं," मास्तर म्हणाले. "लोकांच्या चड्ड्यांना जन्मभर इलॅस्टिक घातलं. आज मला."

तिनं नळी दुमडली आणि इलॅस्टिकची पट्टी गच्च आवळली.

मुलाचे आईवडील मितभाषी होते, पण सोबत आलेली आत्या बोलकी होती. चहा झाला. पुन्हा चहा झाला. आत्यानं आधी आपले गुडघे सांगितले, मग भावाचा रक्तदाब, मग जावेचा मोतीबिंदू. सगळ्यांनी आस्थेनं ऐकलं, औषधं सुचवली. मास्तरांच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. मांडीवरची मूठ उघडत नव्हती.

"तुम्ही काही बोलतच नाही, मास्तर!"

"तोंडात सदा टाचण्या," दादा घाईनं हसला. "बोलायची सवयच गेली."

सगळे हसले. मास्तरही हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. धाकटी उठली.

"बस," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "आता तारखेचं निघेल."

आणि ती बसली.

मास्तरांचे दात वाजू लागले, तेव्हा मात्र ती कुणाकडे न बघता पुढे झाली आणि बापाच्या काखेत हात घालून त्याला आत घेऊन गेली. गाठ सुटेना. तिनं कात्रीनं पट्टी कापली. गढूळ, लालसर धार बादलीत पडली. बाबांचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तरी ते कुडकुडत होते.

दादा दारात आला. "बादलीत कापड टाक. आवाज बाहेर जातोय."

इस्पितळात डॉक्टरीणबाई धावपळ करत राहिल्या. तुंबलेल्या लघवीतले जंतू रक्तात गेले होते. दुसऱ्या दिवशी मास्तर गेले.

समाचाराला तेच पाहुणे आले. दादा प्रत्येकाला सांगत होता, "हार्ट. अचानक." हृदय बंद पडून मेलेल्या माणसाची कुणाला लाज वाटत नाही.

"पुण्यवान माणूस," आत्यानं डोळे पुसले. "झटक्यात गेले. आणि पोरी, आमचा होकार आहे बरं का. काळजी करू नकोस."

"झटक्यात नाही गेले, आत्याबाई." धाकटीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तुम्ही चहा पीत होतात तेव्हा जात होते. त्यांना लघवीची नळी होती. तुम्हाला दिसू नये म्हणून ती बांधली. मी बांधली."

"शुद्धीत नाहीये ती," दादा उठला.

"तिला बोलू दे," भिंतीशी बसलेली आई म्हणाली.

"प्रोस्टेटचा आजार होता. बरा होणारा. आम्ही माझ्या लग्नासाठी थांबलो. मला असं लग्न नको."

खोलीतल्या पुरुषांनी सतरंजीकडे बघितलं. मुलाचे वडील आधी उठले, मागून बाकीचे. कुणी निरोप घेतला नाही. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती हवेसाठी जिन्यात आली. मागोमाग खालच्या मजल्यावरचे, इस्त्रीचं दुकान चालवणारे काका आले. चपला पायात सरकवून ते उगाच कठड्याला धरून उभे राहिले.

"पोरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ती डॉक्टरीण… पुरुष असतात का तिथं तपासायला? म्हणजे, माझा एक मित्र आहे."

"किती दिवसांपासून?"

काकांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "घरात सांगितलेलं नाही अजून. नातीचं स्थळ बघतायत."

धाकटीनं दारातल्या चपलांच्या ढिगातून आपल्या चपला ओढल्या.

"चला," ती म्हणाली. "आत्ता."

"अगं, तुझ्या घरी आज…"

"आत्ताच, काका."