अळूचा दाखला

"अवो, ह्या पानांची कड कुठं करपलीया, दावा मला!" लतिकावहिनीनं अळूची पेटी नवऱ्याम्होरं, जगन्नाथम्होरं उलटी केली, तवा मी शेजारच्या माझ्या मेथीत खुरपत होतो. खुरपं तिथंच टाकून निघालो. शेजाऱ्याचं भांडण आन् फुकटचा चहा आपण सोडत न्हाई.

बाई खरं बोलत होती. आमची शेतं दुबईपल्याडच्या उम्म अल कुवैनच्या आतल्या अंगाला, वाळूत. पाणी खारट, म्हणून हितल्या अळूची कड तांबडी करपलेली असायचीच. आन् ही पानं बघावी तर नव्या नवरीगत तुकतुकीत.

दोन हजार आठच्या मंदीत दुबईतली कंपनी बसली, जगन्नाथची फोरमनची नोकरी गेली. तवापासनं दोघांनी हे अळू जपलेलं. पर गिऱ्हाईक वाढंना, भाडं थकलं. औंदा जमिनीचा मालक म्हणाला, "खलास, जगन. आता हितं माझे उंट बांधतो." वहिनी चार दिवस जेवली न्हाई.

तेवढ्यात युरोपला बुद्धी झाली. हिंदुस्थानच्या अळूत किडं निघालं म्हणून त्यांनी तिकडचं अळूच बंद केलं. अमिरातीतलं मातूर चालत होतं. हॉलंडचा व्यापारी फोनवर म्हणाला, माल तिथलाच हाय असा सरकारी दाखला घ्या, माल पाठवा. माल गेला तर शेत ऱ्हाणार, न्हाईतर उंट.

"कुठनं आणली ही पानं?" वहिनीनं इचारलं.

जगन्नाथ पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत म्हणाला, "सत्या म्हणाला..."

सत्यजित म्हंजी त्याचा धाकटा भाऊ, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या हापिसात सायेब. इस्त्रीच्या शर्टात खाटेवर बसला होता. "वहिनी, युरोपियन कस्टमरला फर्स्ट इम्प्रेशन लागतं. वरचा लेअर इंडियाचा, खाली आपला. सिंपल!"

"भावजी, त्या वरच्या लेअरलाच बंदी हाय न्हवं?"

"चेक कोण करतंय?"

"आज दुपारी दाखल्याचा सायेब करतोय! आन् एक पान जरी सापडलं तर जलमात दाखला मिळंल व्हय?"

जगन्नाथचा चेहरा पडला. म्हणाला, "पुरून टाकू."

"तो माती बघाया येतोय. उकरलेलं दिसणार न्हाई त्याला?"

"मग गं?"

"शिजवते," वहिनी म्हणाली. "शिजल्या पानाला गाव कोण इचारतंय?"

झालं! मला बेसन कालवाया बसवलं. जगन्नाथ पानांच्या शिरा काढाया बसला. सत्यजित तेवढा मोकळा. म्हणाला, "सरांना मीच ब्रीफ करतो. इंडियन सोर्सिंगपण क्लिअरली सांगतो. ट्रान्सपरन्सी महत्त्वाची."

माझा हात बेसनातच थांबला. हे येडं आपल्या तोंडानं सगळं बुडवणार! वहिनीनं चार पानं बाजूला घेतली, निराळं बेसन फासून त्यांचा उंडा वळला आन् चिंचेच्या कोळाकडं हातच नेला न्हाई. चिंचेबिगर ते अळू म्हंजी घशात आग्यामोहोळ. मी बघितलं, आन् गुमान बेसन कालवत ऱ्हायलो.

सायेब आला. मिसरचा, म्हंजी इजिप्तचा, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा. वाफं बघितलं, पानं उलटीपालटी केली, मातीचा वास घेतला. मग तळलेल्या वड्यांचा वास घेतला आन् खाली बसला. वहिनीनं त्याच्यापुढं एक ताट ठेवलं, भावजींपुढं निराळं.

सत्यजितनं दोन वड्या तोंडात टाकल्या आन् घसा साफ केला. "सर, ॲक्च्युअली, सम ऑफ अवर... हॅक्... लीव्हज..." म्हणता म्हणता त्यानं गळाच धरला. डोळं तांबडं, नाकातनं पाणी.

"इसको क्या हुआ?" सायेब दचकला.

"गाँव की याद आयी, साब," वहिनी पदरानं डोळं पुसत म्हणाली.

सायेबाला गलबलून आलं. त्यानं सत्यजितची पाठ थोपटली आन् जगन्नाथला इचारलं, "बॉक्स का सब पत्ता इधर का?"

"सब इधर का, सायेब. ह्यो बघा, किनारा जला हुआ." आता हे सोळा आणे खरं होतं.

सायेबानं दाखल्यावर सही केली. "हबीबी, आणखी हाय का?" ह्या अर्थाचं काय तरी बोलून उरलेल्या वड्या डब्यात भरून घेतल्या. हिंदुस्थानचं जेवढं अळू आलं होतं, तेवढं सरकारनं स्वतः संपवलं.

माल हॉलंडात पास झाला. मालकानं उंट दुसरीकडं बांधलं. त्या दिवशी वहिनी बांधावर बसून पोटभर रडली, आन् मग पोटभर जेवली.

सत्यजित आजबी चारचौघांत सांगतो, "युरोपचं मार्केट आपण क्वालिटी कंट्रोलवर जिंकलं."

वहिनी मान डोलावते. "व्हय तर. त्या दिवशी भावजींनी तोंड उघडलं असतं, तर काय खरं नव्हतं."