शर्यत साडेदहाला संपली

मला स्वतःचा राग आला की मी टेबल आवरते. त्या आठवड्यात माझं टेबल इतकं लख्ख होतं की जॉयसने दोनदा विचारलं, "ताई, बरां आसा मा तुमका?"

मालवणच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावर माझं जनसंपर्काचं ऑफिस आहे. मी समीक्षा. आधी बारा वर्षं पेपरात वार्ताहर होते, आता वार्ताहरांना बातम्या पुरवते. लोक म्हणतात मी प्रगती केली. म्हणू देत. ऑफिसात आम्ही तिघी होतो. जॉयस माझी सहायक, आठ वर्षांची जुनी. सांगितलेलं काम चोख करायची, न सांगितलेल्या कामाकडे ढुंकून बघायची नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि भाऊ बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. निदा सहा महिन्यांसाठी आलेली इंटर्न, पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या वडिलांची, निजामभाईंची, बंदरावर होडी आहे. ही मुलगी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची. मला तिचा वैताग यायचा, आणि खरं सांगते, हेवाही वाटायचा.

देवबागचं 'निळाई' रिसॉर्ट माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. मालक अनिश तळगावकर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला गोड. नोव्हेंबरात तो म्हणाला, "ताई, प्रसिद्धीसाठी एक माणूस कायमचा आमच्याकडे हवा. तुमच्या दोघींपैकी एक द्या. कोण ते तुम्ही ठरवा." 'निळाई'चं काम तिकडे गेलं की माझ्या ऑफिसात एकटीपुरतंच काम उरणार होतं. म्हणजे एकीला नोकरी आणि दुसरीला निरोप. मनात मी निदाचं नाव पक्कं केलं होतं. जॉयस आठ वर्षं माझ्याकडे होती, तरीही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला माणसं कळत नाहीत. मला माणसं चांगली कळतात.

आता आमच्या धंद्यातली एक रीत. आम्ही बातमी कार्यक्रमाच्या आधी लिहितो. पेपरांची आमच्या भागाची पानं लवकर लागतात, रविवारी तर दुपारीच. तेव्हा कार्यक्रम सकाळी नऊचा असला की बातमी आदल्या दिवशीच तयार: 'उत्साहात संपन्न', 'मान्यवरांच्या हस्ते', 'प्रचंड प्रतिसाद'. फोटो तेवढा मागून पाठवायचा. पाहुणा आला नाही तर फोन करून नाव काढायचं. जिल्ह्यात सगळे असंच करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. निदाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ताई, पण घडलं नाही तर?" मी म्हटलं, "घडतं गो. इथे काय घडायचं राहतंय?"

डिसेंबरातल्या त्या रविवारी 'निळाई'ने होड्यांची शर्यत ठेवली होती. वल्ह्यांच्या होड्या, गावचेच मच्छीमार, आणि बक्षीस द्यायला मुंबईचा मालिकेतला एक नट. शर्यत नऊला सुटणार होती. त्या दिवशी नऊला भरती पुरी होत होती, खाडीचं पाणी ताटातल्यासारखं स्थिर राहणार होतं. परवानगीही अकरापर्यंतचीच होती. शनिवारी संध्याकाळी मी बातमी लिहिली: 'सकाळी नऊ वाजता सुटलेली ही शर्यत साडेदहा वाजता संपली. सर्व होड्या सुखरूप किनाऱ्याला लागल्या.' जॉयसला सांगितलं, उद्या अकरा वाजता ऑफिसातून पाठवून दे.

नटाची रेल्वेगाडी कुडाळ स्टेशनला दोन तास उशिरा आली. मग त्याला अंघोळ करायची होती. मी त्याला घेऊन देवबागला पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पाणी केव्हाच ओसरू लागलं होतं. निदा काठावर फोटो काढत उभी होती. तिने धावत येऊन मला बाजूला घेतलं. "ताई, बाबलीकाको म्हणता, सुकती लागली, तोंडार पाणी वडता, आज नको."

बाबली म्हणजे सर्वांत वयस्कर स्पर्धक, बासष्ट वर्षांचा. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या पाण्याची खोड त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. मी अनिशकडे बघितलं. अनिशने मांडवातल्या गर्दीकडे बघितलं आणि माइकवरून बाबलीचं नाव पुकारलं, "आपले ज्येष्ठ दर्यावर्दी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबली हसला आणि होडीत चढला. एवढ्या लोकांत तो नको कसं म्हणणार? मी नटाच्या हातात हिरवा बावटा दिला आणि त्याच्या मागोमाग जेवायला गेले. पानात सुरमई होती. तीही मी खाल्ली.

सव्वा वाजता निदाचा फोन आला. "ताई, होडी उलाटली. बाबलीकाको गावना नाय."

तो चार वाजता सापडला, पलीकडच्या वाळूत. निजामभाईंनीच होडीतून आणला.

संध्याकाळी निदा भिजलेल्या कपड्यांनी ऑफिसात आली. तिने मला एकच विचारलं, "ती बातमी मागे घ्यायची ना?" मी अनिशला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आज कुणी काही बोलायचं नाही. उद्या बघू." पानं लागली असली तरी छपाईआधी बातमी काढता येते. मी बारा वर्षं पेपरात काढलीत, मला हे ठाऊक होतं. मी फोन ठेवला आणि टेबल आवरायला घेतलं.

सोमवारच्या पेपरात दुसऱ्या पानावर शर्यत उत्साहात संपन्न झाली होती. पाचव्या पानावर कोपऱ्यात चार ओळी होत्या: 'देवबाग येथे मच्छीमाराचा बुडून मृत्यू.' दोन्ही बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

बुधवारी अनिश स्वतः जिना चढून आला. आवाज खाली, डोळे सुजलेले. त्याला वाईट वाटत होतं, हेही मी सांगते, कारण ते खरं आहे. पण त्याच्या हातात सोमवारचं दुसरं पान होतं. "ताई, पेपरात छापून आलंय. शर्यत साडेदहाला संपली. परवानगीच्या वेळेत. नंतर तो स्वतःच होडी घेऊन गेला. प्यायलेला होता म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात," तो म्हणाला. "चौकशीचं पत्र आलंय. आयोजकांच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या व्यक्तीने जबाब द्यायचाय. तुम्ही नको, तुम्ही पाहुण्यांबरोबर जेवत होतात. ज्या मुलीला तुम्ही आमच्याकडे देणार आहात, तिलाच पाठवा. दोन्ही कामं एकदम होतील."

असं ते सोपं करून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. दोघींपैकी एक निवडायची होती, ती आता अशी निवडायची होती. आणि यावर बाबलीचं मरण कुणाच्या नावावर चढणार ते ठरणार होतं.

मी आधी निदाला विचारलं. ती ऑफिसात माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. "मी बगलंय ता सांगतलंय. एक वाजाक इल्लो तेवा शर्यत सुटली. बाबलीकाकान माका पोवूक शिकयल्यान, ताई. तो दारू पियालो हुतो म्हणान माज्या तोंडातसून येवचा नाय." मग म्हणाली, "बावटो तुमीच दिलास ना पावण्याच्या हातात?"

मला तिचा इतका राग आला की मी तिला चहा सांगायला खाली पाठवलं.

मग जॉयस. ती रविवारी देवबागला नव्हतीच, इथे याच खुर्चीत बसून बातमी पाठवत होती. जबाबाचं सांगून मी तिला ते म्हटलं. ती गोंधळली. लबाडी तिच्या चेहऱ्यावर नव्हती, खरंच गोंधळली. "पण ताई, बातमी तुमीच लिवलास. साडेदहाक संपली म्हणान. तुमी लिवलेला खोटा कशाक आसतला?" मग तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "माजी आवस आसा घराक. ह्या वयात माका दुसरी नोकरी कोण देतलो? तुमी सांगशात तशी सही करतंय."

आठ वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी तिची दया आली म्हणून तिला निवडलं, असं मला म्हणता आलं असतं. कित्येक दिवस मी तसं म्हणतही होते. पण मला भीती वाटली होती. निदा जबाब द्यायला बसली असती तर बातमी कुणी लिहिली, कधी लिहिली, पाहुण्याला कुणी आणलं, हे सगळं निघालं असतं. जॉयस बसली तर माझ्या बातमीतल्या ओळी तेवढ्या खऱ्या ठरणार होत्या.

अनिशला मी जॉयसचं नाव कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं. आणि त्या दुसरीचं प्रशिक्षण कधी संपतं?"

"महिनाअखेर."

"शर्यतीच्या आधी शुक्रवारी संपलं, असं धरा ना. तसं सर्टिफिकेट देऊन टाका. कशाला पोरीला यात ओढायचं?"

मी ते सर्टिफिकेट स्वतः टाइप केलं. 'कु. निदा यांनी आमच्या संस्थेत प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले. त्यांच्या सचोटीने आम्ही प्रभावित झालो.' सचोटी हा शब्द मी मुद्दाम घातला. वाटलं, पुढे तिला उपयोगी पडेल. खाली तारीख शुक्रवारची. निदाने ते उभ्याउभ्या वाचलं. तारखेशी तिचं बोट थांबलं. मी खिडकीबाहेर बघत होते, ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. तिने कागदाची घडी केली, जॉयसला "येतंय गो" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती चौकशीला आपणहून गेली, हे मला नंतर समजलं. तिथे तिला विचारलं, तू त्या दिवशी तिथे कोण म्हणून होतीस? तिने इंटर्न म्हणून सांगितलं. त्यांच्यासमोर माझ्या सहीच्या सर्टिफिकेटची प्रत होती, मी अनिशला दिलेली, त्याने पुढे पाठवलेली. शुक्रवारी काम संपलेली मुलगी, नोकरी दुसरीला मिळालेली, बाप बाबलीचा दोस्त. त्यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मांडवातले पर्यटक केव्हाच आपापल्या गावी गेले होते आणि 'निळाई'वर पोट असलेले बाकीचे होडीवाले बोलायला आले नाहीत. तिच्या फोटोंत नट होता, होड्या होत्या. पण फोटोवरची वेळ बदलता येते म्हणाले. जॉयसचा जबाब दीड पानाचा. शर्यत साडेदहाला संपली. सर्व होड्या सुखरूप किनाऱ्याला लागल्या. शब्द माझे. जॉयसला पाठ करायलाही वेळ लागला नाही.

जानेवारीत 'निळाई'ने बाबलीची शोकसभा ठेवली, संध्याकाळी सहाला. जॉयस आता तिथे जाळीच्या खिडकीपाशी वेगळ्या टेबलावर बसते. बातमी मात्र मीच सांगितली, फोनवर, दुपारी बाराला: 'उपस्थितांना अश्रू अनावर झाले. कै. बाबली यांच्या पत्नी राधाबाई यांचा शाल देऊन सन्मान करण्यात आला. कुटुंबीयांनी आयोजकांचे आभार मानले.' तिने टाइप करून पाठवूनही दिली.

पाच वाजता मी राधाबाईंना आणायला गाडी घेऊन गेले. त्या अंगणात सुके बांगडे उचलून टोपलीत भरत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण बस म्हणाल्या. मी पायरीवर बसले.

"सभा आहे," मी म्हटलं. "गाडी आणलीय."

"आयकलंय." त्यांनी दोन बांगडे टोपलीत ठेवले. "ह्येंनी वीस वर्सां थेंब घेवक नाय. तुका ठावक आसा. तू ह्येंच्यावर लिवलेलंस पेपरात, तरणी हुतंस तेवा. दारू सोडलेलो खलाशी म्हणान."

लिहिलं होतं. फोटोसकट. मी पार विसरले होते.

"शर्यत कदी सुटली ता तुका म्हायत आसा, बाय. थंय सगळ्यांसमोर तू तितक्याच सांग. मगे मी येतंय, शालय घेतंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडलेल्या नव्हत्या. खरोखर उत्तराची वाट बघत होत्या, आणि मी हो म्हणेन असं त्यांना वाटत असावं. म्हणूनच त्यांनी पदराला हात पुसले आणि चप्पल घालायला त्या अर्ध्या उठल्या.

मी म्हटलं, "उशीर होईल मला. निघते."

त्या पुन्हा खाली बसल्या.

मी गाडीत बसून राहिले. पावणेसहाला जॉयसचा फोन आला. तिच्या मागे माइक तपासत होते, एक दोन, एक दोन. "ताई, पेपरवाल्यांचो फोन हुतो. पानां लागतत. बातमीत काय बदल आसा?"

अंगणात राधाबाई राहिलेले बांगडे उचलत होत्या. आभार मानलेल्या, शाल घेतलेल्या.

"नाही," मी म्हटलं. "जाऊ दे तशीच."