चाकांना तळणीचं तेल

मी भंगाराची हातगाडी बोलतेय. हळूच बोलते, जरा कान देऊन ऐका. मोठ्याने बोलायची मी धास्तीच घेतलीय. का, ते पुढे कळेलच.

सान्तियागो शहरातल्या एका वेल्डरने मला घडवलं, तेही भंगारातूनच. कुणाच्या तरी खाटेची चौकट, फ्रिजचा पत्रा, मोटारसायकलची दोन चाकं आणि ओढायला एक पोकळ नळी. त्यामुळे जन्मतःच मी थकलेली. त्यात चाकांना करकर. मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच बायका म्हणायच्या, "आला गं ओदानोर, जुनी पातेली काढा."

ओदानोर माझा मालक. सरहद्दीपलीकडून, शेजारच्या हैती देशातून आलेला. इथे केस पिकले, तरी लोकांच्या लेखी तो कालच आलेला. अंगाने दणकट, बोलायला गोड. पण मध्ये तो असा काही वाळला, की त्याची बायको इव्हरोज त्याला माझ्यावर घालून दवाखान्यात घेऊन गेली. मला वजन जाणवलंसुद्धा नाही. एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू माणूस भरून आला. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून गोळ्यांची डबी तो माझ्या नळीत ठेवायचा, वर रबरी बूच. सकाळची कॉफी झाली की बूच काढायचं, गोळी गिळायची आणि मला थोपटायचं. एवढ्या थोपटण्यावर मी दिवसभराचे चढ चढायचे.

एक दिवस तो दवाखान्यातून नाचतच बाहेर आला. रक्तात विषाणू दिसेनासा झाला होता. मागोमाग नर्स बेल्किस फाटकापर्यंत धावत आली.

"अरे थांब, सुई राहिली!"

"आता कसली सुई, बाई? मी तर बरा झालो."

"धनुर्वाताची. आजारात तुझं अंग लहानपणीच्या सुईने शिकवलेलं विसरून गेलं असणार. गोळी त्या विषाणूला दाबून ठेवते, पण विसरलेलं परत शिकवत नाही."

"लहानपणी सुई टोचली होती की नाही, तेच कुणाला ठाऊक!"

"मग तर घेच. दिवसभर खिळ्यापत्र्यात हात घालतोस."

ओदानोरने आत डोकावून पाहिलं. सुईच्या बाकावर सगळ्या गरोदर बायका. त्याच्या गावीही ही सुई गरोदर बायकांनाच द्यायचे, पुरुषाने घेतलेली त्याने कधी पाहिली नव्हती. बाकावर आमच्या गल्लीतली मिलेडी होती, फळं विकणारी. जिभेला हाड नाही बाईच्या.

"ये की ओदानोर, बस इथे. कितवा महिना?"

बाक हसून हसून हललं. ओदानोरही हसला, पण मान खाली घालून. "माझी गोळी सगळं बघून घेते," असं बेल्किसला म्हणत त्याने मला ओढलं. मी करकरले, अडखळले, एक चाक खड्ड्यात घालून बसले. पण गाडीचं कोण ऐकतंय?

पुढे एका मोडक्या पलंगाची फळी माझ्यावर चढवताना तिचा खिळा त्याच्या चपलेतून आरपार पायात गेला. घरी जाऊन त्याने जखमेत कॉफीची पूड दाबली, वर चिंधी बांधली आणि विसरला. आठवड्याभराने इव्हरोजने मांगू केलं, कच्ची केळी उकडून, कुस्करून. त्याला तोंड उघडेना.

"रुसलायस का माझ्यावर?" तिने विचारलं.

तो नुसताच दात आवळून बघत राहिला. मग मान ताठ झाली, पाठीची कमान झाली. शेजारी दारात जमले.

"दवाखान्यात नेऊ नकोस गं," एकजण म्हणाला. "फाटकाशी सरकारी ट्रक उभा असतो. इथे राहायचे कागद नसलेल्यांना उचलतात आणि सरहद्दीपलीकडे नेऊन टाकतात."

"उचलू देत," इव्हरोज म्हणाली. "जिवंत माणूस तरी उचलतील ना? इथे ठेवून काय मढं राखत बसू?"

तिने माझ्यावर गोधडी अंथरली आणि त्याला झोपवलं. मी निघाले, तशी करकरले. त्या आवाजासरशी त्याचं अख्खं अंग आखडलं. पुन्हा करकर, पुन्हा झटका. धनुर्वातात आवाज सोसत नाही, धक्का सोसत नाही, आणि मी म्हणजे आवाज आणि धक्का यांचंच गाठोडं! मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. इव्हरोज थांबली. माझ्याकडे पाहिलं, आत गेली, आणि उद्या विकायची तळणं ज्यात व्हायची ते तेल माझ्या चाकांच्या कण्यात ओतलं. सगळं.

"आता आवाज करशील ना, तर बघ," ती मला म्हणाली. रडत म्हणाली.

मी नाही केला. याके नदीवरचा पूल, बाजाराचा चढ, सगळे खड्डे मी दम धरून पार केले. फाटकाशी ट्रक होता. इव्हरोजने त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. बेल्किस बाहेर आली, त्याचा जबडा पाहिला आणि खाली बसलीच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

वाचला तो. फार दिवसांनी घरी आला, काठी टेकत, निम्मा होऊन. पण माणसाचं डोकं बघा! "एकदा होऊन गेला, आता परत काय होतोय?" असं सगळ्यांना सांगत सुटला. बेल्किस घरी आली आणि तिने त्याचा कान धरला.

"हा रोग होऊन गेला तरी अंग काही शिकत नाही, ओदानोर. सुईच शिकवते. एक तिथे दिलीय, बाकीच्या घ्यायच्यात. आणि नंतर रक्त तपासायचं, शिकलं की नाही ते. तुझ्यासारख्यांचं अंग उशिरा शिकतं."

आज शेवटची सुई होती. त्याने मला सोबत घेतलं, कारण पुढे मला भंगाराच्या काट्यावर टाकायचंय. चौकट कुजली, पत्रा फाटला, तक्रार नाही माझी. ट्रक आजही फाटकाशी होता. ओदानोर थबकला. मग डबी नळीतून काढून खिशात घातली आणि आत गेला. आतून मिलेडीचा आवाज आला, बाळाला टोचायला आली असणार: "काय रे, भरले का दिवस?" आणि त्याचा, अजून थोडा आवळलेला: "भरले होते गं. परत आलो."

कापूस दंडाला दाबत तो बाहेर आला. मला थोपटलं.

उद्या मला तोडतील. माझ्यातला एखादा खिळा सुटून कुठल्यातरी रस्त्यावर पडेलच, आणि तो कुणाचा पाय, कुणाचे कागद बघणार नाही. तेवढं आधी टोचून घ्या. चाकांना ओतायला घरात तेल उरलेलं असेलच असं नाही.