विरजणाची वाटी

वाटी पालथी होती. ओट्याशेजारच्या जाळीवर, धुतलेल्या पेल्यांच्या रांगेत, तळ वर करून — इतकी लखलखीत, की काठावरचा पोचा नसता तर तिने ती ओळखलीच नसती. शेहेचाळीस वर्षांत ही वाटी रिकामी कधी राहिली नव्हती. धुवायची, पण आधी तिच्यातलं चमचाभर दही दुसरीकडे काढून, आणि पुसून झाली की ते लगेच परत; विरजण म्हणजे घरातलं म्हातारं माणूस, त्याला फार वेळ ताटकळत ठेवायचं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मग आता ते माणूस गेलं कुठे?

शेजारी यंत्र होतं, सूनबाईने काल आणलेलं. तापवलेल्या दुधाचं पातेलं उचलताना हल्ली सासूचं मनगट ठणकतं, म्हणून. पांढरं, गोल, वर काचेचं झाकण, आणि आत सात बाटल्या समूहचित्रासाठी उभ्या राहिल्यासारख्या. लाल दिवा तिच्याकडे टक लावून बघत होता. सकाळी आपल्या दवाखान्यात जाताना सूनबाई म्हणाली होती, "आई, दही लावलंय हं. तुमचंच विरजण, सगळं घातलं. दोनला वाजेल ते. तोवर हलवायचं नाही." त्यातलं 'तुमचंच' जरा जास्तच ठासून आलं होतं… असं आता वाटलं.

हे टेबलाशी यंत्राची माहितीपुस्तिका वाचत बसले होते. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. हातात लाल पेन्सिल.

"'दही'तली 'ही' ऱ्हस्व छापलीय," हे म्हणाले. "अशाने लागणार कसं ते?"

"पुढे वाचा."

"'एकच विरजण तीन वेळांपेक्षा अधिक वापरू नये. त्यातील जिवाणू दुर्बळ होतात.'" चष्म्यावरून बघत, "तुझं किती वेळा झालं?"

"रोज एकदा. शेहेचाळीस वर्षं."

"म्हणजे सतरा हजारांच्या आसपास. दुर्बळ कसले, तुझ्यावर गेलेले दिसतायत."

तिने चहा गाळला. चहाचा चोथा टाकायला कचऱ्याचा डबा उघडला, तर कांद्याच्या सालांखाली, वर्तमानपत्राच्या घडीत, काहीतरी निळं. दुकानातल्या दह्याचा डबा. चमच्याने खरवडून खरवडून रिकामा केलेला. जिला स्वतःच्या किल्ल्या रोज शोधून द्याव्या लागतात, त्या मुलीने हा डबा मात्र किती नीट लपवला होता!

म्हणजे वाटी चुकून धुतली गेली. दाताची डॉक्टर ती, दिसेल ते उकळत्या पाण्यात बुडवणारी. आणि मग निस्तरायला हा डबा.

राग यायला हवा होता. आला तो आनंद — खोटं कशाला बोलू — चोर पकडल्याचा निखळ आनंद. दोन वाजता काय म्हणायचं तेही तिने ठरवलं. "काय गं, माझं विरजण निळ्या घरात कधी राहायला गेलं?" नको, जरा शांतपणे… "दही छान आहे. कुठल्या दुकानातलं?" हे बरं. हे मुरलेलं आहे. पुरावा म्हणून डबा हातात घेतला, आणि त्या रिकाम्या तळाकडे बघता बघता —

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. सासूबाई दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, विरजण माझ्यावर सोपवून. दुपारी भूक लागली. एक चमचा खाल्ला. मग कड वाकडी दिसते म्हणून ती सारखी करायला दुसरा. मग दुसरी बाजू उंच वाटली… सारखं करता करता तळ आला. खाली शिवणवाली राहायची, जिच्याशी सासूबाईंनी पडद्याच्या चुकलेल्या मापावरून अकरा वर्षं अबोला धरला होता. तिच्याकडे गेले, वाटी टॉवेलात गुंडाळून. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी दह्याला जाऊन लपवलं. स्वतःच्या दह्याने वाटी भरत ती म्हणाली, "घाबरू नकोस गं. दही काय बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चमचा तोंडात धरला, बराच वेळ. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "विरजण हात ओळखतं. तुझ्या हाताला आलं हो."

त्या एका वाक्यावर आयुष्यभर तरंगले मी. बहिणींना सांगितलं, मुलाला सांगितलं, सूनबाईला तर पहिल्याच भेटीत. चोरी विसरले, शाबासकी ठेवली. पुढे शिवणवाली आजारी पडली तेव्हा अबोला मोडून सासूबाईंनीच माझ्या हाती दही पाठवलं. "दे तिला. तिच्या पोटाला हेच सोसेल." केवढं मोठं मन, असं मला वाटलं होतं.

तिने निळा डबा परत सालांखाली ठेवला. आणखी जरा खोल.

दोनला यंत्र वाजलं, आणि त्याच्या पाठोपाठ सूनबाई आली, पिशवी खांद्यावर तशीच. झाकण काढलं, एक बाटली पुसली, चमचा पुढे केला. दुसऱ्याच्या तोंडात बघण्यावर जिचं पोट, ती आज चमच्याकडे अशी बघत होती, जणू दात तिचाच काढायचाय. कान लाल. ओठ मिटलेले. मान एका बाजूला, अगदी निरागस, इतकी निरागस की आंधळ्यालाही संशय यावा.

माझाही चेहरा असाच असणार त्या दिवशी.

चमचा तोंडातच राहिला. सासूबाई — दुधात पाणी पडलं तर वासावरून सांगणाऱ्या सासूबाई… "तिच्या पोटाला *हेच* सोसेल." हेच. तिचंच, अगं बाई. शेहेचाळीस वर्षांच्या अभिमानावर असं भरदुपारी विरजण पडलं, तेही दुकानातलं.

"आई? तेच लागतंय ना?"

"मला तर रोजचंच वाटतंय," हे म्हणाले. त्यांची दुसरी बाटली संपत आली होती.

दही घट्ट होतं, गोडसर, थोडं परकं, नव्या सुनेसारखं. दुकानाबद्दलचं ते मुरलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. तिने चमचा बाहेर काढला.

"विरजण हात ओळखतं," ती म्हणाली. "तुझ्या हाताला आलं हो."

सूनबाईचे खांदे खाली आले. मग ती हसली, तोंडभर. आता हे वाक्य ही जन्मभर लोकांना सांगत सुटणार.

तिने वाटी सुलटी केली, पुसली, उद्यासाठी चमचाभर दही तिच्यात काढलं. पण वाक्य ओठांवर रेंगाळतच होतं. किती सहज निघालं, किती गुळगुळीत, बऱ्याच हातांतून गेल्यासारखं… सासूबाईंनी ते त्या दिवशी, तिथल्या तिथे रचलेलं नसणार. मग त्यांना कोण म्हणालं असेल? आणि त्या वेळी त्यांनी, इतक्या कडक बाईने, या वाटीतलं नक्की काय केलं होतं?

तिला हसू फुटलं. हे काय झालं म्हणून ह्यांनी मान वर केली, तर तिने ओठ मिटून, अगदी निरागसपणे, मान एका बाजूला कलती केली.