कोरड्या तलावातलं चाक

धाकटीचा आवाज शहरातल्या बऱ्याच लिफ्टमध्ये होता. "दरवाजा बंद होत आहे", "तिसरा मजला", "कृपया थोडं मागे सरका" हे सगळं तिने एका काचेच्या खोलीत बसून, कोमट पाण्याचे घोट घेत रेकॉर्ड केलेलं. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या कुणाला ते कधी कळलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आपणच आपल्याला मागे सरकायला सांगायचं आणि आपणच निमूट सरकायचं, याची तिला मनातल्या मनात गंमत वाटायची.

थोरली बहीण इंजिनिअर. नोकरी सोडून ती घरामागच्या गॅरेजमध्ये विजेवर चालणारं एक चाक बनवत होती. चाक एकच, गुडघ्याला लागेल एवढं, आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला घडीच्या पट्ट्या. सीट नाही, हँडल नाही. पट्ट्यांवर उभं राहायचं, जरा पुढे झुकलं की ते निघणार, मागे रेललं की थांबणार. नाव काही तिने ठेवलं नव्हतं. ती त्याला नुसतं "हे" म्हणायची. "हे आज फार तापलंय", "याला जरा सावलीत घे". भिंतीपलीकडच्या शेजारणीला थोरलीने लग्न केलं कधी, असा प्रश्न पडला होता.

चाक बाजारात न्यायची वेळ आली तेव्हा खोकी छापणाऱ्याचे फोन सुरू झाले. रंग ठरला होता, माप ठरलं होतं, नावासाठीची मधली जागा तेवढी कोरी होती.

"तू दिवसभर शब्दांतच असतेस," थोरली धाकटीला म्हणाली. "एखादा मला दे की."

धाकटीला वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल. कामावर जाता-येता लिफ्टमध्ये एकटी असली की ती एकेक नाव म्हणून बघायची. 'झुळूक' म्हणून पाहिलं, पण ते पंख्याला शोभेल असं वाटलं. 'गिरकी' म्हटलं की गरगरल्यासारखं व्हायचं. मग 'वाऱ्यावर' सुचलं आणि ती हरखली.

"वाऱ्यावर सोडलं म्हणतील," थोरलीने स्क्रू पिळत सांगितलं.

"अधांतरी?"

"अधांतरी लटकले म्हणतील."

"बरं, तोल?"

"तोल गेला म्हणतील. अगं, विकायचंय मला ते."

जमिनीपासून जरा वर उचललेल्या माणसासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत, त्या सगळ्यांत पडायची भीती कुठून येऊन बसली आहे, याचा धाकटी विचार करत राहिली. हवेत असणं म्हणजे शेफारणं. तरंगणं म्हणजे कामात लक्ष नसणं. नुसतं मजेत वर असण्याला शब्दच नव्हता.

"तू एकदा त्यावर उभी राहा," थोरली म्हणाली. "नाहीतर हे सगळं म्हणजे फोटो बघून पोहायला शिकणं."

योगायोग असा, की थोरली चाकाची चाचणी पोहण्याच्या तलावातच घेत होती. दुरुस्तीसाठी तो उपसून कोरडा ठेवला होता, आणि तिथला रखवालदार बाबांचा जुना दोस्त. आत तळाला निळ्या फरशा, त्यांवर गडद रेघा, आणि जमीन उथळ बाजूकडून खोल बाजूकडे हलकेच उतरत गेलेली. चढ आणि उतार दोन्ही एका जागी मिळत होते. छताच्या काचांमधून दुपारचं ऊन खाली यायचं ते फरशांना लागून निळं होऊन भिंतींवर पसरायचं. तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य थोडं उशिरा संपायचं.

धाकटी पहिल्यांदा शिडीवरून तळाला उतरली तेव्हा तिने नकळत श्वास रोखला. मग स्वतःशीच हसली.

चढणं मात्र जमेना. एक पाय पट्टीवर ठेवला की दुसरा जमीन सोडायला तयार नसे. सोडलाच तर चाक कडेला कलंडायचं, रागावल्यासारखं गुणगुणायचं आणि ती भिंतीला चिकटायची. थोरली समजावून सांगायची, पण तिचं सांगणं इंजिनिअरचं. "वजन पुढे टाक. आतला सेन्सर बघून घेतो." धाकटीला सेन्सरवर विश्वास टाकायची सवय नव्हती.

बाबा रोज येऊन काठावर बसायचे. पाय आत सोडून, टोपी मांडीवर ठेवून, जणू खाली खरंच पाणी आहे. ते निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी अँब्युलन्स चालवली होती. घरी ते कामाबद्दल फारसं बोलत नसत. मुलींनीही विचारलं नव्हतं.

एका दुपारी धाकटी तिसऱ्यांदा भिंतीला चिकटली तशी त्यांनी टोपी काठावर ठेवली आणि एकेक पायरी तपासत शिडी उतरले. तिच्यासमोर चार हात अंतरावर उभे राहिले, दोन्ही तळवे तिच्याकडे करून.

"चाकाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ," ते म्हणाले. "आणि ये."

"कुठे?"

"हे काय, इथेच. आलंच."

तिने भिंत सोडली. चाक निघालं. बाबा पाठमोरे न होता मागे मागे चालत होते, हात तसेच पुढे, आणि प्रत्येक पावलाला तेच म्हणत होते, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. "आलंच. आलंच बघ. आलंच." त्या शब्दाला धरून ती चालली. कधीतरी तिच्या लक्षात आलं, की बाबा बाजूला झालेत आणि आपण अजून चाललोय. फरशांच्या रेघा खालून संथपणे सरकत होत्या. चाकाचा आवाज एवढा बारीक, की तो बाहेर आहे की आपल्या कानात, कळत नव्हतं. उतार लागला तसा तलावाचा काठ वर वर जात राहिला, ऊन उंचावर राहिलं, आणि आपण पाण्याखाली आहोत, पण श्वास घेता येतोय, असं काहीसं तिला वाटलं. पुष्कळ वेळ ती तशी फिरली. डोक्यात एकही नाव आलं नाही. आणावंसंही वाटलं नाही.

नंतर रखवालदाराच्या खोलीत चहा पिताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही ते काय म्हणत होतात?"

"काय?"

"आलंच."

बाबांनी कपात बघितलं. "सवय आहे. गाडीत माझ्यामागे एक छोटी खिडकी असायची. मागचा माणूस फार कण्हायला लागला की तिच्यातून सांगायचो. आलंच म्हणून."

"आणि हॉस्पिटल लांब असलं तर?"

"तरी."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने कप खाली ठेवला. दोघींना एकाच वेळी तेच सुचलं होतं.

"हे क्रियापद आहे," थोरली सावधपणे म्हणाली.

"असू दे ना. घरातून निघताना पुरुष म्हणतात आलोच, बायका म्हणतात आलेच. आलंच कुणीही म्हणू शकतं. चाकसुद्धा."

"खोक्यावर चांगलं बसेल," थोरली म्हणाली आणि बोटाने टेबलावर अक्षरं काढू लागली.

बाबांनी चहा अर्धा ठेवला. "ते छापायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ते विकायचं म्हणून म्हणत नव्हतो मी. सगळ्यांचं आलं, असंही नाही." त्यांनी टोपी घातली आणि ते घरी निघून गेले.

धाकटीला स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं एका घरात राहून तो शब्द तिने ऐकला नव्हता, आणि ऐकल्या ऐकल्या तो खोक्यावर चिकटवायला निघाली. तिने थोरलीला सांगितलं, ते नाव नको. थोरली म्हणाली, "मग वाऱ्यावरच सोडू," आणि दोघी हसल्या, पण हसू टिकलं नाही. पुढे काही दुपारी बाबा तलावावर आले नाहीत. घरी नीट बोलत होते, जेवत होते, भाजी निवडून देत होते. तलावाचा विषय काढत नव्हते, एवढंच.

मग एक दिवस त्या दोघी तलावात असताना शिडीवर बूट दिसले. बाबांनी थोरलीचे गुडघ्यांचे पॅड पँटवरूनच बांधले होते, जरा उलटेसुलटे.

"मला उभं करा," ते म्हणाले.

"बाबा, या वयात?" थोरली म्हणाली.

"या वयात पडलो तर कुठे न्यायचं ते मला माहीत आहे."

थोरलीने चाक धरलं, धाकटीने हात. एक पाय चढला. दुसरा फरशीवरून उठेना, नेमका तिचा उठत नव्हता तसाच. त्यांच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षं ज्यांनी भरधाव गाडी चालवली, ते बाबा खाली बघत होते, भेदरलेले. धाकटीने त्यांचे हात सोडले, ती समोर गेली आणि तळवे पुढे करून मागे मागे चालू लागली. म्हणायला दुसरं काही नव्हतंच.

"आलंच, बाबा," ती म्हणाली.

हा तिचा लिफ्टमधला आवाज नव्हता. थोडा कापरा होता. बाबांनी मान वर केली. पाय उठला. ते निघाले, खांदे ताठ, हात पंखांसारखे बाजूला, आणि निळ्या उतारावरून खोल बाजूकडे इतके हळू सरकत गेले, की रखवालदारही काठावर येऊन उभा राहिला. थोरली शेजारून चालत होती.

खोल बाजूची भिंत आली तशी त्यांनी तिच्यावर हात टेकले.

"गाडीत माझी पाठ असायची त्यांच्याकडे," ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "मी रस्त्याकडे बघून बोलायचो. त्यांना ते ऐकून काय वाटत असेल, मला कधी कळलंच नाही."

"काय वाटलं?" धाकटीने विचारलं.

"बरं वाटतं," बाबा म्हणाले. मग वळून त्यांनी थोरलीला सांगितलं, "ठेवा तेच. अक्षर मोठं काढा."

खोकीवाल्याला ते फोनवर दोनदा सांगावं लागलं. "काय आलं?" तो विचारत राहिला. अजून काही आलेलं नाही, तेच नाव आहे, हे समजल्यावर तो म्हणाला, "शेजारी आल्याच्या कांडीचं चित्र टाकू का? लोकांच्या लक्षात राहील." थोरलीने त्याला प्रेमाने नको म्हटलं. तरी पहिला गठ्ठा आला तेव्हा एका कोपऱ्यात बारीकसं आलं होतंच. थोरली चिडली. धाकटी मात्र दिवसभर हसत होती, आणि ते तसंच राहिलं.

चाकं विकली गेली, फार नाही, पण गॅरेज सोडून एक शेड घेता येईल एवढी. चालवणारे शिकतानाच ते नाव एकमेकांना ओरडून सांगू लागले, असं दुकानदार सांगायचे. बाबांना त्यातलं कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांना ते पसंत होतं.

तलावाची दुरुस्ती संपली त्या दुपारी पाणी सोडणार, हे रखवालदाराने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी बाबा आत चाकावर फिरतच होते. दूर कुठेतरी झडप उघडल्याचा आवाज झाला आणि खोल बाजूच्या कोपऱ्यातून पाण्याची एक चकचकीत जीभ फरशीवर आली. बाबांनी ती पाहिली आणि वळण थोडं अलीकडून घेतलं. पाणी पसरलं, त्यांनी आणखी अलीकडून घेतलं. छताच्या काचा आता खाली पाण्यातही दिसत होत्या, आणि बाबा त्यांच्या कडेकडेने, न भिजता, उथळ बाजूकडे सरकत येत होते. काठावर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या दोन्ही मुलींनी त्यांना हाक मारली नाही.